भाजीचं पाणी

कलाबाईनं मला साठ-सत्तर भाज्या शिकवल्या. मी तिला एकच गोष्ट शिकवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणी समजणार नाही.

धुळ्याला देवपुरातल्या एका महाविद्यालयात मी एकवीस वर्षं गृहविज्ञान शिकवलं. विषय आहार आणि पोषण. कलाबाई आमच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर होती. तिचं काम भांडी घासायची, शेगड्या पुसायच्या आणि सिलेंडर संपला की शिपायाला हाक मारायची. पहिलं वर्षभर मी तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. आमचे प्रयोग म्हणजे पनीरचं कटलेट, ब्रोकोलीचं सूप, ओट्सचा उपमा. मुली यायच्या साक्री-शिंदखेड्याहून एसटीनं. त्यांच्या घरी भाकरी आणि ठेचा, आणि मी त्यांना ब्रोकोलीतलं लोह समजावून सांगत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तेव्हा मला कुणी असं तोंडावर म्हणालं असतं तर मी महिनाभर त्याच्याशी बोलले नसते.

एकदा मुलींना 'कमी खर्चातला समतोल आहार' असं प्रात्यक्षिक दिलं होतं. फ्लॉवर चिरून झाला आणि त्याचा पाला एका पोरीनं कचऱ्याच्या डब्यात टाकला. भांडी घासता घासता कलाबाई उठली, ओल्या हातानं तो पाला बाहेर काढला, झटकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, हाई फेकी देतस तुम्ही?"

"मग काय करायचं त्याचं?" मी जरा खेकसलेच.

तिनं तो पाला पिशवीत घातला आणि घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर स्टीलचा डबा. फ्लॉवरच्या पाल्याची भाजी, लसूण, सुकी मिरची, वरून शेंगदाण्याचा कूट. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेल्या पिठाची. मी चव घ्यायला म्हणून एक घास घेतला आणि डबा चाटूनपुसून परत दिला. मग गुपचूप पोषणमूल्यांचे तक्ते उघडून पाहिलं, तर फ्लॉवरच्या गड्ड्यापेक्षा त्याच्या पाल्यात लोह आणि कॅल्शियम कितीतरी जास्त. पंधरा वर्षं ते तक्ते माझ्या कपाटात होते आणि मी ते पान कधी उलटलं नव्हतं.

तिथून आमची गट्टी जमली. मी तिची विद्यार्थिनी झाले म्हटलं तरी चालेल, फक्त तसं कबूल करत नव्हते. संध्याकाळी ती मला पाचकंदिलाच्या भाजीबाजारात घेऊन जायची. कलाबाई घासाघीस करत नसे. बाजार उठायच्या वेळेला जायची आणि विकणाऱ्या बायांना टोपल्या आवरायला हात लावायची. जाताना त्या तिच्या पिशवीत मुळ्याचा पाला, बिटाची पानं, नवलकोलाचे शेंडे कोंबायच्या. तिचं माहेर पिंपळनेरकडचं, डोंगराच्या अंगाला. तरोटा कोवळा कधी, चिवळ कुठे उगवते, घोळ कशी निवडायची, शेवग्याचा पाला वाळवून पिठात किती घालायचा, हे सगळं तिला पाठ. उन्हाळ्यात भाज्या महागल्या की ती हिवाळ्यात वाळवलेला हरभऱ्याचा पाला बाहेर काढायची. महिन्याच्या किराण्यात तिच्या घरी तेल दीड किलोच्या वर जात नसे, पण डाळ किंवा कडधान्य नाही असा एक दिवस नसायचा.

"ताटमा तीन रंग पाहिजेत," ती म्हणायची, "पांढरा सोडीसन."

मी हेच वाक्य नंतर तीन परिसंवादांत माझं म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या.

तिचा नवरा चिंधा. घरांना रंग देण्याचं काम करायचा. उंच, सडपातळ, कानाच्या पाळीवर कायम चुन्याचा ठिपका आणि तोंडात कायम थट्टा. मी घरी गेले की भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखालची खुर्ची पुसून मला द्यायचा आणि म्हणायचा, "जयभीम मॅडम. बसा. आज काय गवत खाऊ घाली राहिनी मनी बायको, देखा." मग तेच गवत तीन भाकरींसोबत चापायचा. मुलगी सविता एकुलती. एका वर्षी मी हौसेनं शंभर मुलींचं हिमोग्लोबिन तपासलं. नोकरदारांच्या पोरी नऊवर, दहावर. रंगाऱ्याच्या सविताचं तेराच्या वर. तो आकडा कलाबाईला सांगितला तर ती पदरानं तोंड झाकून हसली. इतका आनंद झालेला मी तिला परत पाहिला नाही.

आता मी तिला शिकवलेली गोष्ट.

तरोटा, माठ, अंबाडी अशा भाज्या ती उकडून घ्यायची आणि पाणी ओतून द्यायची. तिची आई तसंच करायची. एक दिवस तिनं मोरीत हिरवंगार पाणी ओतलं आणि माझ्यातली प्राध्यापिका जागी झाली. "अगं, ओततेस काय? क्षार, जीवनसत्त्वं सगळी पाण्यात उतरतात. पाणी फेकायचं नसतं. पीठ मळ त्यात, नाहीतर आमटीत घाल."

तिनं पातेलं खाली ठेवलं.

"बठ्ठं सत्त्व पानीमा?"

"निम्मं तरी."

ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. "म्हनजे इतला वरीस मी सविताले चोथा चारा?"

मी म्हटलं, तसं नाही, पण यापुढे लक्षात ठेव. कलाबाईला एकदा सांगितलं की ते दगडावरची रेघ. त्या दिवसापासून तिच्या घरात भाजीच्या पाण्याचा थेंब वाया गेला नाही. ते पाणी ती आटवायची, त्यात भाकरीचं पीठ मळायची. शेजारणींना शिकवायची. फेकणारी दिसली तर तिच्याशी भांडायची.

पुढे मी एक पुस्तिका लिहिली, कमी खर्चातल्या सकस ताटाबद्दल. भाज्या तिच्या, रीत तिची, वेळ तिचा. मुखपृष्ठावर नाव माझं. शेवटच्या पानावर आभारात तिचं नाव होतं, आडनाव चुकलेलं. तिनं ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली. चिंधा म्हणाला, "मॅडम, तुमनं पुस्तक तर मना पोटमा आधीच छापेल शे."

त्या पुस्तिकेपायी आम्ही दोघी गावोगाव हिंडलो. जामनेर तालुक्यात पहूरला बचतगटांचा मोठा मेळावा होता. मी प्रोजेक्टर लावला आणि वीज गेली. चारशे बाया पदरानं वारा घेत माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. कलाबाईनं स्टोव्ह पेटवला, माठाची भाजी उकडली, पाणी पेल्यात गाळलं आणि सगळ्यांसमोर उभी राहून घटाघटा प्याली. मग पेला उंच धरून म्हणाली, "हाई पानी फेकनारी बाई म्हनजे नवरानं रगत मोरीमा वतनारी!"

बाया खदखदून हसल्या. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या. त्याचा फोटो माझ्याकडे आहे. हल्ली मी तो पाहत नाही.

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी चिंधाच्या पायांना सूज आली. पाठ दुखायची म्हणून तो वर्षानुवर्षं दुकानातून गोळ्या आणून खायचा, रक्तदाब कधी मोजलाच नव्हता. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सरकारी दवाखान्यात आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. योजनेत बसलं, फुकट झालं. डॉक्टर म्हणाले, मशीन आपलं काम करील, बाकी सगळं खाण्यावर आहे. खाणं सांभाळलंत तर माणूस पाच वर्षं, दहा वर्षंही काढतो.

हे ऐकून कलाबाई, खोटं नाही सांगत, जरा सावरली. खाणं सांभाळायचं होतं ना? तेच तर तिला येत होतं. "मॅडम, औषध मना हातमा नही, पन ताट तर मना हातमा शे," ती मला म्हणाली. "दहा वरीस काढसू."

दवाखान्यातून तिला आहाराचा एक कागद मिळाला. दोन पानी, इंग्रजीत. सवितानं त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. मी तेव्हा जळगावात एका लग्नात होते. मांडवाच्या कोपऱ्यात उभी राहून, एका कानात बोट घालून, मी पाच मिनिटांत सगळं बोलून पाठवलं. मीठ कमी. पाणी दिवसाला एक लिटर, चहा-ताक-वरण सगळं धरून. केळी, नारळपाणी, टोमॅटो बंद. पालेभाज्या अगदी थोड्या. भाज्या बारीक चिरायच्या, भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी टाकून द्यायचं आणि मग फोडणी द्यायची. झालं. मी जेवायला बसले.

का टाकून द्यायचं, ते मी सांगितलं नाही.

एकवीस वर्षं मी पेपर तपासले. 'शास्त्रीय कारणे द्या' या प्रश्नाला ज्या पोरीनं कारण लिहिलं नाही तिला मी शून्य दिलं, अर्धा गुणसुद्धा दिला नाही. आणि जिला मी स्वतः सांगितलं होतं की पाणी फेकायचं नसतं, तिलाच उलटं सांगताना मला एक वाक्य जास्तीचं बोलावंसं वाटलं नाही. पंगतीत जिलबी गरम होती.

आठ महिने बरे गेले. चिंधाचा चेहरा उतरला होता, पण थट्टा शाबूत होती. कलाबाई मला भेटली की हिशोब सांगायची तो पाण्याचा. आज इतले पेले, काल इतले. एका लिटरच्या वर थेंब नाही. तहान लागली की ती त्याला ओला रुमाल ओठांना लावायला द्यायची. मी म्हणायची, शाबास कलाबाई.

मग एका सकाळी चिंधा अंथरुणातून उठायला गेला आणि पाय उचलेनात. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सविताचा फोन आल्यावर मीही धावले. नाडी फार मंद चालत होती. ताबडतोब मशीनला लावलं आणि दुपारपर्यंत जीव वाचला. मग एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली. चोवीस तास झोपलेली नसावी.

"यांचं पोटॅशियम फार वाढलं होतं. केळी खाल्ली का?"

"नही ओ, केळं तर घरमा बी येत नही," कलाबाई म्हणाली.

"नारळपाणी? टोमॅटो?"

"नही."

"भाज्यांचं पाणी टाकता ना?"

कलाबाई ताठ झाली. शाळेत उत्तर येणारं पोर होतं तशी. "ते मी त्यास्ले पेवाले देत नही. एक थेंब देत नही. डॉक्टरनी पानी बंद करेल शे, माले समजस ना. मी ते आटाडस अन् पीठमा घालस. भाकर तवावर पडनी का पानी उडी जास. सत्त्व तेवढं राही जास."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. कलाबाईनं काय जुळवलं होतं ते मला एका क्षणात कळलं. पाणी कमी प्यायचं आहे, म्हणून कागद म्हणतो पाणी टाका. पण सत्त्व कसं टाकायचं? आजारी माणसाला तर ते जास्तच हवं. म्हणून तिनं पाणी उडवलं आणि सत्त्व ठेवलं. आठ महिने, दोन्ही वेळा, स्वतःच्या हातानं. यात बुद्धीची काही खोट नव्हती. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला इतका नेटका विचार जमला नसता.

"मावशी," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाली, "ते सत्त्वच यांना चालत नाही. आपल्या अंगात जास्त झालेले क्षार किडनी बाहेर टाकते. यांची टाकत नाही. ते रक्तात साचतात आणि हृदय बंद पाडतात. म्हणून पाणी टाकायचं."

कलाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती, की मी आता त्या पोरीला म्हणेन, तुमचं चुकतंय, मी एकवीस वर्षं हा विषय शिकवलाय.

मी म्हटलं, "हो कलाबाई. बरोबर आहे."

ती बाकावर बसली. रडली नाही. दोन्ही हात पदराखाली घेतले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर काढले नाहीत. सवितानं चहा आणला तर कप घ्यायलाही नाही.

चिंधा घरी आला, पण त्या घरातली कलाबाई दवाखान्यातच राहिली. आता ती भाजी एकदा नाही, दोनदा उकळायची. पाणी मोरीत ओतायची आणि वरून बादलीभर पाणी टाकायची. भाकरीचं पीठ साध्या पाण्यात मळताना सुद्धा हात थबकायचा. उडदाचं कळणं बंद केलं, जवसाची चटणी बंद, कूट बंद. डॉक्टरांनी थोडी डाळ चालेल म्हणून सांगितलं होतं, तरी ती देईना. दर घासाला त्याच्या तोंडाकडे पाहत बसायची. मी समजावलं, डॉक्टरीणबाईनं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. बाजारातल्या बाया पिशवीत पाला घालायला लागल्या की ती पिशवी मागे घ्यायची.

चिंधाला तिची दशा कळत होती. तो थट्टा करायचा. "मॅडम, हाई भाजी शे का भाजीना फोटो?" ती हसली नाही की हळूच म्हणायचा, "चांगली लागस ओ. मी आपला गंमत करस." पण तो वाळत चालला होता. ज्या माणसानं जन्मभर तीन भाकरी खाल्ल्या तो आता अर्ध्यावर हात धुवायचा. त्याला भूक नव्हती असं नाही. त्याच्या बायकोला त्याला जेवू घालायची भीती वाटत होती, आणि ते पाहून त्याला मागायचा संकोच व्हायचा. एकाच ताटाच्या दोन बाजूंना बसून दोघं एकमेकांना जपत होते. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी जाणं कमी केलं. यालाही काही फार मोठं मन लागत नाही.

असे आठ-नऊ महिने गेले, भाद्रपद संपत आला होता. सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन वाजला. कलाबाई स्वतः. ती कधी फोन करत नसे.

"मॅडम, सविताना बाबा अंबाडीनी भाजी अन् कळणानी भाकर मागी राहिनात."

"अगं, अंबाडी..."

"माले माहीत शे. पन आज पहिलांदा तोंडघाई मांगं त्यास्नी. आठ-नऊ महिनामा पहिलांदा. म्हनतस, एकच घास दे, पोट भरी जाई. देऊ का मॅडम? एक घास? उकळीसन, पानी फेकीसन?"

मागून चिंधाचा आवाज आला, "मॅडमले कसाले तरास देस? राहू दे ना."

एका घासानं काही होत नाही, हे मला माहीत होतं. दोनदा उकडलेली अंबाडी, चिमूटभर, आणि दुसऱ्या दिवशी मंगळवार, त्याचा डायलिसिसचा दिवस. कुणाही आहारतज्ज्ञानं सांगितलं असतं, दे. पण मी आता घाबरलेली होते. एकदा माझ्या सांगण्यानं झालं ते पुरे होतं. पुन्हा काही झालं तर ते माझ्या नावावर नको, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. चिंधाचा नव्हता, माझा स्वतःचा होता.

"नको कलाबाई," मी म्हटलं. "उद्या डॉक्टरांना विचारू. त्यांनी हो म्हटलं तर दे."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवायच्या आधी तिचा आवाज लांबून ऐकू आला, "मॅडम नको म्हनतस. सकाय देसू."

सकाळी रिक्षा पांझरेच्या पुलावर होती तेव्हा चिंधानं तिच्या खांद्यावर मान टाकली. तिला वाटलं झोपला. दवाखान्याच्या दारात रिक्षावाला त्याला उतरवायला गेला तेव्हा तिला समजलं. डॉक्टरीणबाईला मी नंतर एकटं गाठून विचारलं, त्या आठ महिन्यांच्या भाकरींमुळे झालं का? ती म्हणाली, हृदय आधीपासून थकलेलं होतं, नेमकं सांगता येणार नाही. ती खरंच बोलत होती की मला सोडून देत होती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

चिंधाच्या पुण्यानुमोदनाला मी गेले. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, बायांनी सफेद साड्या नेसल्या होत्या, कलाबाई पुढे बसून सगळं नीट म्हणत होती. जेवण बाहेरच्या केटररचं होतं. मी तिच्याशी काही बोलू शकले नाही. गर्दी होती, असं मी स्वतःला सांगितलं.

दोन महिन्यांनी जळगावहून सविताचा फोन आला. तिचं सासर तिथे; बाप आजारी असेपर्यंत ती येऊन-जाऊन होती. "मॅडम, आई रांधत नाही हो. चहा आणि टोस्ट. नाहीतर पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. माझ्याकडे ये म्हटलं तर येत नाही. शेजारच्या काकू सांगत होत्या, बाबा गेल्यापासून चूल पेटलीच नाही. तुम्ही जाऊन बघाल का?"

जिला साठ-सत्तर भाज्यांची ओळख होती, ती बाई बिस्किटावर जगत होती. मी त्या दुपारी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं कळण्याच्या भाकरी केल्या. पहिल्या दोन फाटल्या, तिसरी जरा जमली. मटकीची उसळ केली, डब्यात भरली आणि गेले.

दार उघडंच होतं. घर स्वच्छ होतं, भांडी मांडणीवर पालथी. तिनं माझ्यासाठी खुर्ची पुसली. मी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, माझ्यासाठी दोन घास खा. अन्नाला नाही म्हणणं तिला जमत नाही. तिनं भाकरी हातात घेतली, उलटी करून पाहिली. "कडानी कच्ची राहिनी," ती म्हणाली, आणि खाऊ लागली. सावकाश खात होती. मी समोर बसून तिच्या तोंडाकडे पाहत होते.

मग मला राहवेना. घरून निघताना जे दहा वेळा घोकलं होतं ते सगळं विसरले. मी म्हटलं, "कलाबाई, माझं चुकलं. आधीही आणि त्या संध्याकाळीही. एका घासानं काही झालं नसतं. मला माहीत होतं. तरी मी नको म्हटलं. मला माफ कर." आणि मी रडायला लागले. रडायला तिनं यायचं होतं माझ्याकडे, आणि रडत बसले होते मी, तिच्या खुर्चीत.

तिनं हातातला घास खाली ठेवला. उठून मला पाणी आणून दिलं. मी पिईपर्यंत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी घेतला असता, त्याच्यासाठीच आले होते.

"तुमनं काय चुकनं, मॅडम?" ती म्हणाली. "तुम्ही शिकेल बाई. तुम्ही तुमनं सांगं." ती पुन्हा डब्यासमोर बसली. खाली ठेवलेला घास पुन्हा उचलला.

"भूक त्यास्ले लागेल व्हती, मॅडम. अन् इचारं मी तुमले."